सायकलची साखळी : किती ताणावी, किती सैल सोडावी



आज मी आपल्याशी एका अगदी लहान गोष्टीबद्दल बोलणार आहे. गोष्ट करंगळीएवढी आहे. करंगळीएवढी हे मी नुसते बोलण्यापुरते म्हणत नाही. तेच तिचे खरे माप आहे, आणि ते कसे हे पुढे कळेलच. पण आधी एक प्रसंग सांगतो.

मी माध्यमिक शाळेत शिक्षक होतो. आमची शाळा मोठ्या गावात, आणि मुले यायची आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून. दहावीच्या परीक्षेचा दिवस होता. गणिताचा पेपर. घंटा झाली, प्रश्नपत्रिका वाटल्या, आणि माझ्या वर्गातील एक मुलगी जागेवर नाही. हुशार मुलगी, सहा किलोमीटरांवरून रोज सायकलने येणारी. वीस मिनिटे झाली तेव्हा ती फाटकातून पळत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, ओढणीला काळे डाग, डोळ्यांत पाणी. वाटेत तीन वेळा चेन पडली होती. दोनदा तिने बसवली. तिसऱ्यांदा चेन मागच्या चाकाच्या तारा आणि दातेरी चक्र यांच्यामध्ये जाऊन अशी अडकली, की चाकच जाम झाले. तेव्हा सायकल बांधावर टाकून पोर पायी पळत आली.

तिला आत घेतले. तिने पेपर लिहिला. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर काळ्या बोटांचे ठसे उमटले होते. शेवटचे दोन प्रश्न सोडवायचे राहिले.

आता खरी गोष्ट सांगतो. आदल्या दिवशी संध्याकाळी ती सायकल मी पाहिली होती. चेनकव्हरवर खडखड वाजत होती. मला कळले होते की चेन सैल आहे. पण मनात म्हटले, ‘उद्या घेईल घरची माणसे बघून’, आणि मी घरी गेलो. पुढे ती सायकल मीच दुरुस्त केली. उजव्या बाजूचा नट ढिला होता, एवढेच. एक पाना आणि दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांची रुखरुख मला आजही आहे, आणि आजचे हे भाषण त्या रुखरुखीपोटीच आहे असे समजा.

तर मंडळी, चेन किती ताणलेली असावी?

आपल्याकडे दोन प्रकारची माणसे आढळतात. एक म्हणतो, ‘चालतंय तोवर चालू द्या.’ त्याची चेन लोंबत असते. दुसरा म्हणतो, ‘आवळ चांगली, तारेसारखी वाजली पाहिजे.’ त्याच्या सायकलचे पायडल जड चालते आणि वर्षभरात छर्रे खराब होतात. दोघेही चुकतात. बैल जुंपताना सापती किती आवळायची हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. फार आवळली तर बैल गुदमरतो, फार सैल ठेवली तर जू मानेवरून निसटते. चेनचेही अगदी तसेच आहे.

आधी ही चेन करते काय, ते पाहू. पुढे मोठे दातेरी चाक, त्याला आपण चेनव्हील म्हणतो. मागे लहान दातेरी चक्र, त्याला फ्रीव्हील किंवा नुसते ‘फ्री’ म्हणतात. पायाने आपण पुढचे चाक फिरवतो, चेन मागचे चक्र ओढते आणि त्याबरोबर मागचे चाक फिरते. चेनचा वरचा पदर ओढला जातो. खालचा पदर मोकळा असतो, तो नुसता परत येतो. म्हणून चालत्या सायकलला वरचा पदर नेहमी ताठ असतो, आणि जी काही सैलाई असेल ती खालच्या पदरात उतरते.

या वरच्या पदरावर ओढ किती असते ठाऊक आहे? शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, साधारण साडेसहा इंच लांब. चेनव्हीलला 44 दाते असतील तर त्याची त्रिज्या साधारण साडेतीन इंच. म्हणजे तरफेचा हिशेब लागला. साठ किलो वजनाचा माणूस चढावर उभा राहून एका पायडलवर सगळा भार टाकतो, तेव्हा चेनवर साठाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे एकशेदहा किलोंच्या आसपास ओढ येते. धान्याचे एक मोठे पोते चेनला टांगले असे समजा. अशा वेळी चेन निसटली तर पाय एकदम खाली जातो, माणूस दांडीवर आपटतो, नाहीतर सरळ रस्त्यावर येतो. चेन पडते ती बहुधा अशाच वेळी : चढावर, खड्ड्यात किंवा घाईत. म्हणून हा विषय लहान असला तरी क्षुल्लक नाही.

आता तुम्ही म्हणाल, शहरातल्या गिअरच्या सायकलींना ही कटकट दिसत नाही. बरोबर आहे. त्या सायकलींना मागे एक लोंबता दांडा असतो, त्यात दोन लहान चाके आणि एक स्प्रिंग. चेन सैल झाली की ती स्प्रिंग आपोआप सैलाई ओढून घेते. पण आपल्या साध्या, काळ्या, दणकट सायकलला तशी स्प्रिंग नाही. आणि आणखी एका प्रकारच्या सायकलला ती नसते. ती म्हणजे हब-गिअरची सायकल.

हब-गिअर म्हणजे गिअर बाहेर दिसत नाहीत. ते मागच्या चाकाच्या मधल्या जाड डब्यात, हबच्या पोटात असतात. इंग्लंडात नॉटिंगहॅम शहरी 1902 साली स्टर्मी-आर्चर या नावाचा तीन गिअरांचा हब निघाला आणि तो जगभर गेला. त्यांचाच 1936 सालचा ‘एडब्ल्यू’ नावाचा हब इतका टिकाऊ निघाला, की त्या घडणीचे जुने हब आजही रस्त्यावर चालताना दिसतात. हॉलंड-डेन्मार्कसारख्या सपाट, पावसाळी देशांत आजही हब-गिअरच्या सायकली घरोघर आहेत, कारण गिअर आत झाकलेले असल्याने चिखलपाणी त्यांना लागत नाही. आपल्याकडे अशा सायकली थोड्या. पण एखाद्याच्या घरी आजोबांची जुनी विलायती सायकल असते, आणि शहरात नव्या धर्तीच्याही काही दिसतात.

या हबच्या आत काय असते? मधोमध आखाला पक्के बसवलेले एक दातेरी चाक. त्याला सूर्य म्हणा. त्याभोवती फिरणारी लहान दातेरी चाके, ते ग्रह. आणि त्या सर्वांना वेढणारे, आतल्या अंगाला दाते असलेले कडे. कोणता भाग कोणाला फिरवतो ते बदलले की वेग बदलतो. मधल्या गिअरमध्ये फ्रीचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चढाच्या गिअरमध्ये पाऊण फेरा. उताराच्या गिअरमध्ये सव्वा फेऱ्याहून थोडा जास्त, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश. पुढे 44 दाते, मागे 18 दाते आणि 28 इंची चाक असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल मधल्या गिअरवर सुमारे साडेपाच मीटर जाते. चढाच्या गिअरवर चार मीटरांहून थोडी अधिक, आणि उताराच्या गिअरवर सव्वासात मीटर. त्रैराशिक शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

सांगायचा मुद्दा असा, की साध्या सायकलची चेन आणि हब-गिअरची चेन यांचा नियम एकच आहे. दोन्हीकडे दाते दोनच चक्रांवर, चेन एकाच सरळ रेषेत, आणि ताण द्यायचा तो मागचे चाक मागे सरकवूनच. त्यासाठीच मागच्या चिमट्याच्या टोकाला लांबट खाच ठेवलेली असते.

आता माप. सायकल मधल्या स्टँडवर लावा, म्हणजे मागचे चाक अधांतरी राहील. चेनव्हील आणि फ्री यांच्या बरोबर मध्यावर, खालच्या पदराला एका बोटाने वर उचला, मग खाली दाबा. वरपासून खालपर्यंत मिळून चेन अर्धा इंच हलली पाहिजे. अर्धा इंच म्हणजे आपल्या करंगळीची जाडी. हेच ते करंगळीचे माप. मुळीच हलत नसेल तर चेन कडक आहे. अंगठ्याएवढी किंवा त्याहून जास्त हलत असेल तर सैल आहे.

पण एका ठिकाणी मोजून थांबू नका. चेनव्हील अगदी बिनचूक गोल आणि बिनचूक मध्यावर बसलेले क्वचितच असते. त्यामुळे पायडल फिरवताना चेन एका जागी कडक होते आणि दुसऱ्या जागी सैल. म्हणून पायडल थोडे फिरवा, थांबा, मोजा. परत थोडे फिरवा, थांबा, मोजा. असे एका फेऱ्यात चार-पाच वेळा करा. जिथे चेन सगळ्यात कडक लागते तिथे चेनव्हीलवर खडूने खूण करा. करंगळीचे माप धरायचे ते या सगळ्यात कडक जागी. तिथे अर्धा इंच असेल, तर इतर ठिकाणी थोडी जास्त सैल असली तरी चालते. उलट केलेत, म्हणजे सैल जागी माप धरलेत, तर कडक जागी चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणेल. मग प्रत्येक फेऱ्याला एकदा पाय जड लागेल, आणि फ्रीचे, हबचे, क्रँकच्या आखाचे छर्रे झिजतील.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. मोजताना पायडल आणि चाक दोन्ही थांबलेली असली पाहिजेत. चाक फिरत असताना चेनला बोट लावू नका, आणि लहान मुलांना तर जवळही उभे करू नका. चेन आणि दाते यांच्यामध्ये सापडलेले बोट तुटायला क्षणही लागत नाही. एक जण पायडल फिरवतो आणि दुसरा चेन धरून बघतो, ही पद्धत तर फारच धोक्याची. जो मोजेल त्यानेच पायडल फिरवावे, आणि हात काढून घेतल्यावरच फिरवावे.

चेनवर पूर्ण डबा असलेल्या सायकली असतात. मुलींच्या सायकलींना तो बहुधा असतोच. त्यात बोट जात नाही. मग काय करायचे? डब्याला मागे किंवा खाली झाकण असेल तर ते उघडा. नसेल तर सायकल ढकलत खडबडीत जागेवरून न्या आणि कान द्या. चेन डब्यावर आपटून खडखडत असेल तर ती सैल आहे. त्या मुलीची सायकल हेच तर सांगत होती, आणि मी ऐकूनही घरी गेलो.

आता ताण कसा द्यायचा ते क्रमाने सांगतो. पाने दोन असले तर उत्तम. नसले तर एकावर भागते. पाना नटाला नीट बसणारा घ्या. तिरका पाना सैल धरून फिरवला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो नट कुणालाच सुटत नाही.

पहिले काम, चेन पुसून घ्या. मातीने भरलेली चेन खोटे माप दाखवते.

दुसरे, मागच्या आखाचे दोन्ही नट सैल करा. पुरते काढायचे नाहीत. चाक जोराने सरकवले तर सरकेल इतपतच. याच आखावर मडगार्डच्या तारा, कॅरिअरचे पाय, कधी स्टँडही अडकवलेला असतो, त्यांच्याकडे लक्ष असू द्या. उलट पायडल मारून लागणारा ब्रेक असेल, तर त्या ब्रेकचा पट्टीसारखा दांडा डाव्या नळीला एका क्लिपने बांधलेला असतो. त्या क्लिपचा स्क्रूही सैल करावा लागतो.

तिसरे, चाक मागे ओढा. बऱ्याच सायकलींना आखाच्या दोन्ही टोकांना चेन ताणायचे लहान आटे दिलेले असतात. ते असतील तर दोन्हीकडचे नट सारखे फिरवा : पाव फेरा उजवीकडे, पाव फेरा डावीकडे. एकदम दोन-दोन फेरे देऊ नका. का, ते सांगतो. चक्रांमधला चेनचा पदर साधारण 18 इंच लांब असतो. त्याचा मध्य अर्धा इंच बाजूला जायला चेनमध्ये पाऊण मिलिमीटरहूनही कमी जादा लांबी पुरते. पायथागोरसच्या सिद्धांताने कोणत्याही विद्यार्थ्याला हे काढता येईल. म्हणजे चाक केसभर सरकले तरी चेनमध्ये बोटभर फरक पडतो. तबलजी गट्टा ठोकतो तो हलक्या हाताने, एकेक टोला देऊन सूर ऐकत. तसेच हे काम आहे.

आटे नसतील तरी अडत नाही. आधी उजवा नट जरा आवळून धरा, चाकाचा पुढचा भाग हाताने एका बाजूला लोटा, की डावे टोक मागे सरकते. मग डावा नट आवळा, उजवा सैल करा, चाक दुसऱ्या बाजूला लोटा, की उजवे टोक मागे जाते. माणूस एकेक पाय टाकत चालतो तसे चाक मागे चालवायचे. हातोडीने आख ठोकून चाक मागे सारणारे कारागीर मी पाहिले आहेत. कृपा करून तसे करू देऊ नका. आटे दबतात आणि नट पुढे कधी नीट बसत नाही.

चौथे, चाक मधोमध आहे का पाहा. क्रँकजवळ मागच्या चिमट्याच्या दोन नळ्यांमधून टायर जातो. दोन्ही बाजूंना सारखी फट हवी. पट्टी नसेल तर बोटे घालून बघा. चाक तिरके राहिले तर चेन दात्यांवर तिरकी बसते, आणि ताण बरोबर असूनही पडते.

पाचवे, नट आवळा. आधी उजवा, म्हणजे चेनकडचा, मग डावा. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. उजव्या नटावर भार जास्त असतो, कारण चेन त्याच बाजूने ओढते. तो ढिला राहिला की चढावर आखाचे उजवे टोक पुढे ओढले जाते आणि टायर डाव्या नळीला घासू लागतो. चालता चालता टायर डावीकडे घासल्याचा आवाज आला, तर समजा की उजवा नट सुटला. त्या मुलीच्या सायकलच्या डाव्या नळीवरचा रंग टायरने पार खरवडून टाकला होता. सायकल आठ दिवस सांगत असणार. आपल्यालाच ती भाषा येत नव्हती.

सहावे, पुन्हा मोजा. नट आवळताना आख थोडा सरकतोच, म्हणून आधी बरोबर असलेले माप नंतर बिघडते. खडूच्या खुणेवर करंगळी लावून बघा. आणि चाक मागे गेले म्हणजे ब्रेकचेही गणित बदलले. दांड्याच्या ब्रेकचे रबर रिमला दोन्हीकडे सारखे लागते की नाही, चाक मोकळे फिरते की नाही, टायर मडगार्डला लागत नाही ना, हे पाहिल्याशिवाय सायकलवर बसू नका.

हब-गिअरची सायकल असेल तर तीन गोष्टी जास्त. एक, सुरुवातीलाच उताराचा, म्हणजे तिसरा गिअर टाका, म्हणजे तार सैल होते; आणि हबमधून बाहेर आलेली बारीक साखळी तारेपासून सोडवा. नाहीतर चाक ओढताना ती तुटेल. दोन, आखावर जीभ असलेल्या खास वायसरी असतात. ती जीभ चिमट्याच्या खाचेत बसलीच पाहिजे. हबमधला तो सूर्य आखाला पक्का बांधलेला आहे, म्हणून आख फिरता कामा नये. काही कारागीर या वायसरी बिनकामाच्या समजून टाकून देतात. मग आख फिरतो, बारीक साखळी पिळवटते आणि गिअर निकामी होतो. तीन, चाक सरकल्यामुळे गिअरच्या तारेचा ताणही बदलतो, तो पुन्हा जुळवावा लागतो. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरांच्या हबला दुसरा गिअर टाकून उजव्या नटाच्या भोकातून पाहा. आतल्या बारीक सळईचे टोक आखाच्या टोकाशी बरोबर समान दिसले पाहिजे. हे न जुळवता निघालात, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधोमध एक रिकामी जागा आहे, तिथे हब अडकतो आणि पायडल नुसतेच फिरते. उभे राहून जोर लावला असेल तर चेन पडल्यासारखेच माणूस आपटतो. आणि उलट पायडलचा ब्रेक असलेल्या सायकलला तर चेन पडली म्हणजे तो ब्रेकच गेला. उतारावर याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

आता कोणी विचारेल, गुरुजी, एकदा नीट ताणलेली चेन पुन्हा सैल का होते? लोखंड ताणते का?

लोखंड ताणत नाही. चेनची प्रत्येक कडी एका बारीक पिनेवर फिरते. पिनेभोवती धूळ गेली, तेल वाळले, की त्याचे होते पॉलिशपेपर. पिना झिजतात, कड्यांची भोके झिजतात. एकेका कडीत केसाच्या टोकाएवढा फरक. पण शंभर कड्यांचा मिळून अर्धा इंच होतो. म्हणून म्हणतात की चेन वाढली. आपल्या तांबड्या मातीच्या धुळीत आणि पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात ती लवकर वाढते.

हे मोजायची युक्ती शाळेच्या पट्टीनेच होते. नव्या चेनच्या दोन लगतच्या पिनांमध्ये बरोबर अर्धा इंच अंतर असते. म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून पुढे वीस पिना मोजल्या की दहा इंच, म्हणजे 254 मिलिमीटर भरले पाहिजेत. मुलांच्या कंपासपेटीबरोबर येते त्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीवर हे सहज मोजता येते. अंतर 256 ओलांडून पुढे गेले, तर चेन शंभरात एकाच्या हिशेबाने वाढली. आता ती ताणण्यात अर्थ नाही, बदला. झिजलेल्या चेनच्या कड्या दात्यांच्या मुळाशी न बसता वर चढून बसतात आणि दातेही झिजवतात. दाते माशाच्या काट्यासारखे टोकदार, वाकडे झाले असतील, तर चेनबरोबर फ्रीही बदलावी लागते. नव्या चेनला जुने दाते मानवत नाहीत. खाचेत मागे जायला जागा उरली नाही, म्हणून चेनची एक जोडकडी काढून देणारे पुष्कळ आहेत. त्याने महिना-दोन महिने निघतात. पण झिज तिथेच राहते, हे लक्षात ठेवा.

चेन टिकवायची असेल तर पंधरा दिवसांतून एकदा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, कोरड्या फडक्याने ती पुसा. फारच बरबटली असेल तर थोड्या रॉकेलने किंवा डिझेलने ओल्या केलेल्या चिंधीने पुसा आणि वाळू द्या. मग प्रत्येक कडीवर मशीनचे तेल एकेक थेंब सोडा, पायडल चार वेळा उलटे फिरवा, आणि वरवरचे तेल पुसून काढा. तेल हवे ते कडीच्या पोटात. पाठीवरचे तेल नुसती धूळ गोळा करते. घरातले गोडेतेल घालू नका. ते काही दिवसांत चिकट होते आणि चेनचे डिंकाचे लाडू होतात.

आणखी एक बारीक गोष्ट. चेन जोडणाऱ्या कडीवर माशाच्या आकाराची एक पातळ क्लिप असते. तिची एक बाजू बंद, एक उघडी. वरच्या पदरावर ती क्लिप आली असता बंद बाजू पुढे, हँडलकडे हवी. उलटी बसवली तर कशाला तरी अडकून निघते, आणि चेन वाटेत तुटून पडते.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. त्या परीक्षेनंतर आम्ही शाळेत एक प्रथा पाडली. शनिवारी शाळा सुटताना सायकलवाल्या मुलामुलींनी रांगेत उभे राहायचे. दोन पाने, एक तेलाची बुधली, एक खडू आणि एक फडके. मोठ्या वर्गातील मुलांनी लहानांच्या सायकली पाहायच्या : चेनला करंगळी लावायची, उजवा नट, डावा नट, दोन्ही ब्रेक. पन्नास सायकलींना पाऊण तास पुरत असे. पहिल्या शनिवारी पन्नासांत किती चेना बरोबर होत्या ते मी मोजले नाही, पण खडू मात्र एक संपला. मुली आधी लाजत, काळ्या हातांना भीत. महिन्याभरात त्यांच्यातल्याच दोघी सगळ्यांत चांगल्या कारागीर झाल्या.

तुमच्या शाळेतही हे करता येईल. खर्च दोन पान्यांचा. आणि वडीलधाऱ्या मंडळींना सांगणे असे, की मुलीला सायकल मिळाली म्हणजे सगळे झाले असे नाही. सायकलबरोबर तिच्या हाती पानाही द्या. वाटेत चेन पडली तर ती कुणाची वाट बघत उभी राहू नये. आणि पडूच नये, एवढे तिला घरीच करता यावे.

ती मुलगी पास झाली. दोन प्रश्नांचे गुण गेले ते गेले. पुढे एकदा भेटली तेव्हा म्हणाली, ‘सर, आता माझी चेन पडत नाही. मी स्वतः बघते.’ मी तिला काही बोललो नाही. आदल्या संध्याकाळी मी ती खडखड ऐकली होती, हे तिला कधी सांगितले नव्हते. आज आपल्यासमोर सांगितले.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर अंगणातली सायकल स्टँडवर लावा, पायडल थांबवा, आणि चेनला एकदा करंगळी लावून बघा.